मैत्रीचा सामना : वेळेचा की षटकांचा?

क्रिकेटवर व्याख्यान म्हटले की श्रोत्यांची अपेक्षा ठरलेली असते. कसोटी सामने, विक्रम, निवड समितीने कोणावर केलेला अन्याय, आणि आपल्या लहानपणी गोलंदाज कसे खरे गोलंदाज होते याची हळहळ. यांपैकी कशालाही आम्ही आज हात लावणार नाही. आमचा विषय त्याहून पुष्कळच लहान आहे. इंग्लंडातील खेड्यांत शनिवारी-रविवारी दुपारी जे हौशी सामने होतात, ज्यांना बक्षीस नसते, गुणतक्ता नसतो आणि ज्यांचा निकाल सोमवार सकाळपर्यंत निम्मे खेळाडू विसरूनही गेलेले असतात, ते सामने कोणत्या पद्धतीने खेळावेत, एवढाच आमचा प्रश्न आहे. वेळ ठरवून खेळावे की षटके मोजून? मोजायची तर किती? आणि एखादा फलंदाज फारच चांगला निघाला तर त्याला कोठे थांबवावे?

असल्या सामन्यात हारजितीला महत्त्व नसेल तर पद्धतीचा एवढा काथ्याकूट कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर खेड्यातील संघ कसा उभा राहतो यात आहे. तेथे अकरा खेळाडूंची निवड होत नसते, अकरा माणसांची जमवाजमव होत असते. त्यांत तेरा वर्षांचा शाळकरी मुलगा असतो, निवृत्त शिक्षक असतो, नळकामाचा धंदा करणारा असतो, तरुणपणी बऱ्या दर्जाचे क्रिकेट खेळलेला एखादा असतो, आणि गडी कमी पडला म्हणून ऐनवेळी ओढून आणलेला कोणाचा तरी मेहुणा असतो. आता काही संघांत मुली व स्त्रियाही पुरुषांच्या बरोबरीने उतरतात. या मंडळींपैकी एखादा दुपारी एकला घर सोडतो, दोन तास सीमारेषेवर उभा राहतो, त्याला चेंडू टाकायला मिळत नाही, फलंदाजीची पाळी येत नाही, आणि तो रात्री आठला घरी परततो. असे तीन रविवार झाले की चौथ्या रविवारी त्याला घरचे काम निघते. त्याला कोणी दोष देऊ नये. लग्नात शेवटच्या पंगतीला बसवले आणि वाढायला काही उरलेच नाही, तर तो पाहुणा पुढच्या कार्याला येईलच असा भरवसा यजमानाने का धरावा? असे दोघे-तिघे गळाले की संघ नऊ जणांचा होतो, मग सामने रद्द होऊ लागतात, आणि मग एका वसंतात त्या मैदानावरचे गवत कापायलाच कोणी येत नाही. पद्धतीचा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो यासाठी.

आता मूळ दोन पद्धती पाहू. त्यांतली जुनी ती वेळेची. खेळ दुपारी दोनला सुरू व्हायचा, साडेचारच्या सुमारास चहा, आणि संध्याकाळी सातनंतर कधीतरी शेवट. प्रत्येक संघाने किती षटके खेळायची यावर बंधन नाही. पहिला संघ सर्व बाद होईपर्यंत खेळतो, किंवा आपल्या कर्णधाराला पुरेशा धावा झाल्या असे वाटले की डाव घोषित करतो. दुसऱ्या संघाने त्याहून एक धाव अधिक केली तर तो जिंकला. त्याचे दहा गडी तत्पूर्वी बाद झाले तर पहिला संघ जिंकला. आणि वेळ संपली तरी दोन्हीपैकी काहीच झाले नाही तर सामना अनिर्णित. येथे एक खुलासा हवा. अनिर्णित म्हणजे बरोबरी नव्हे. दोन्ही संघांच्या धावा तंतोतंत सारख्या होऊन डाव संपले तर ती बरोबरी. ए. जी. मॅक्डोनेल यांच्या ‘इंग्लंड, देअर इंग्लंड’ या १९३३ सालच्या पुस्तकात खेड्यातील सामन्याचे विनोदी वर्णन आहे, तो सामना बरोबरीत सुटतो. अनिर्णित सामन्यात धावांचे अंतर शंभराचेही असू शकते, आणि तरीही कोणी हरलेले नसते. क्रिकेट न जाणणाऱ्याला ही गोष्ट चमत्कारिक वाटते. परंतु मैत्रीच्या सामन्याचा जीव नेमका तीत आहे, असे आमचे मत आहे.

डाव घोषित करण्याची मुभा नियमांत आली ती १८८९ साली. त्यापूर्वी धावांची रास पडली आणि वेळ थोडा उरला की फलंदाजांना मुद्दाम बाद व्हावे लागे. स्वतःच्याच यष्ट्यांवर बॅट मारून तंबूत परतणारे फलंदाज डोळ्यांसमोर आणले म्हणजे नियमावली हळूहळू शहाणी होत जाते हे पटते. पुढे दुसरी एक तरतूद आली. शेवटच्या तासात निदान वीस षटके टाकली गेलीच पाहिजेत. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने बुटांचे बंद बांधत वेळ काढू नये, हा तिचा हेतू. खेड्यातील सामन्यात त्यामुळे ‘सहा वाजल्यापासून वीस षटके’ असे सांगितले की सर्वांना कळते.

या पद्धतीत कर्णधाराला काय करावे लागते ते एका कल्पित सामन्यावरून सांगतो. खेड्यातील गोलंदाज तासाला सुमारे सोळा षटके टाकतात असे धरा. पहिला संघ दोनपासून साडेचारपर्यंत खेळला, चाळीस षटकांत सात बाद १८५ झाल्या, चहाला डाव घोषित केला. पाचला दुसरा संघ उतरला. सहापर्यंत त्याला सोळा षटके, त्यानंतर वीस, अशी एकूण छत्तीस मिळणार. म्हणजे षटकामागे पाचांहून थोड्या अधिक धावा हव्या. जमण्याजोगे आहे, पण सोपे नाही. पहिल्या संघाला चार षटके जास्त मिळाली हा अन्याय नव्हे. त्याला जिंकण्यासाठी धावा करून शिवाय दहा गडी बाद करावयाचे असतात, दुसऱ्याला नुसत्या धावा पुरतात.

सहा वाजता दुसऱ्या संघाच्या चार बाद ६० आहेत असे समजा. वीस षटकांत १२६ हव्या आहेत. आता क्षेत्ररक्षण करणाऱ्या कर्णधाराने आपला सर्वांत तेज गोलंदाज चालू ठेवला तर काय होईल? फलंदाज जिंकण्याची आशा सोडून देतील, बॅट व पॅड एकत्र करून उभे राहतील, आणि वीस षटके नुसती ठोकळ्यासारखी निघून जातील. सहा गडी काही मिळायचे नाहीत. म्हणून शहाणा कर्णधार काय करतो, तर साठीतल्या त्या निवृत्त शिक्षकांच्या हातात चेंडू देतो. त्यांचे लेगब्रेक उंच जातात, संथ पडतात, दोन षटकांत तीन षटकार बसतात. चार बाद ९५ होतात. आता मात्र फलंदाजांना वाटू लागते की, अरे, हे जमेल! तंबूतून कोणी तरी ओरडतो, पाळी असलेला फलंदाज पॅड बांधून उभा राहतो, आणि पुढच्या उंच चेंडूवर तिसरा षटकार मारू जाणारा सीमारेषेवर झेल देतो. धावा देणे ही येथे उधळपट्टी नसून गुंतवणूक असते. मासा लागायचा तर गळाला आमिष लावलेच पाहिजे.

यात त्या शिक्षकांना जागा मिळाली ती दयेपोटी नव्हे हे ध्यानात घ्यावे. कर्णधाराला त्यांची गरज होती. वेळेच्या सामन्यात बळी हे चलन असते, आणि धावा देऊन बळी घेणारा गोलंदाज तेथे धनवान ठरतो. षटकांच्या सामन्यात वाचवलेली धाव हे चलन असते. तेथे तोच गोलंदाज दिवाळखोर.

तसाच तो अकरावा फलंदाज. दोन षटके उरली आहेत, नऊ गडी बाद झाले आहेत, चाळीस धावा हव्या आहेत. म्हणजे जिंकणे संपले. पण बारा चेंडू टिकला तर सामना वाचला. ज्याची सरासरी तीन धावांची, तो मनुष्य बॅट घेऊन उभा आहे आणि त्याच्याभोवती हाताच्या अंतरावर सात क्षेत्ररक्षक वाकले आहेत. मैदानाभोवतीची सारी मंडळी, त्यात कुत्र्यांना फिरवायला आलेलीही, थांबून पाहत आहेत. षटकांच्या सामन्यात या माणसाला कोणते काम असते? बॅट फिरवून बाद होणे. क्रिकेटमध्ये दुबळ्या खेळाडूच्या वाट्याला येणारा सर्वांत मोठा मान म्हणजे ते बारा चेंडू, आणि तो मान वेळेच्या पद्धतीखेरीज दुसरी कोणतीही पद्धत देऊ शकत नाही.

हे चित्र आम्ही जरा रम्य काढले आहे हे आम्ही जाणतो. प्रत्यक्षात वेळेचा सामना बिघडवणे फार सोपे. पहिल्या संघाच्या कर्णधाराने सव्वापाचपर्यंत डाव घोषित केलाच नाही तर दुसऱ्या संघाला खेळण्याजोगे काही उरतच नाही. नियमांत याला बंदी नाही, फक्त संकेत आहे, आणि संकेत ज्याला ठाऊक नाही किंवा ठाऊक असून पाळायचा नाही त्याच्यापुढे इलाज नाही. उलट बाजूने, दुसऱ्या संघाच्या सलामीच्या जोडीनेच पहिल्या षटकापासून दार लावून घेतले, तर बावीस माणसांची संध्याकाळ वाया जाते. तशा सामन्याइतकी कंटाळवाणी गोष्ट जगात थोडी असेल. एखादा चांगला फलंदाज अडीच तास उभा राहिला म्हणजे त्याच्या संघातील सहा जण नुसते गवतावर बसून राहतात, हे निराळेच. थोडक्यात, ही पद्धत दोन जाणत्या कर्णधारांच्या भरवशावर चालते. आपल्याकडील मैफलीशी तिची तुलना करता येईल. बुवांनी केव्हा थांबावे हे घड्याळ सांगत नाही, श्रोत्यांकडे पाहून बुवांनीच ओळखायचे. ओळखले तर रात्र सोन्याची, नाही तर जांभया. आकाशवाणीवर मात्र बुवा कोणीही असोत, ठरलेल्या मिनिटाला गाणे संपते.

षटकांची पद्धत ही त्या आकाशवाणीसारखी. ती खेड्यात आली कशी याचा इतिहास थोडा मौजेचा आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडे व मध्यभागात लीग स्पर्धा फार पूर्वीपासून होत्या. बर्मिंगहॅम लीग १८८८ ची, लँकशायर लीग १८९२ ची. दक्षिणेत मात्र क्लबांना स्पर्धेचे वावडे. तेथील क्लबांची जी परिषद १९१५ साली स्थापन झाली, तिचा दंडकच असा की चषकाच्या वा लीगच्या सामन्यांना मान्यता द्यायची नाही. खेळ मैत्रीचा असला पाहिजे, गुण आले की मैत्री जाते, ही त्यामागची श्रद्धा. ती पन्नास वर्षे टिकली. मग १९६३ साली कौंटी संघांसाठी जिलेट चषक सुरू झाला, पहिल्या वर्षी ६५ षटकांचा. १९६९ साली रविवारची ४० षटकांची लीग आली आणि दूरचित्रवाणीवर दिसू लागली. दक्षिणेतील सरे परगण्यातील क्लबांनी १९६८ साली आपली स्पर्धा सुरू करून जुना दंडक मोडलाच होता. १९७२ साली तर खेड्यांचीच राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, ४० षटकांची, आणि तिचा अंतिम सामना लॉर्ड्सवर. कॉर्नवॉलमधील ट्रून या गावाने तो पहिला चषक जिंकला. खेड्यातील खेळाडूला लॉर्ड्सच्या हिरवळीवर पाऊल ठेवायला मिळणार, तेही षटके मोजून, म्हटल्यावर रविवारचे मैत्रीचे सामनेही हळूहळू चाळीस षटकांचे होऊ लागले यात नवल ते काय?

या पद्धतीचे गुण उघड आहेत. दोन्ही संघांना समान षटके, त्यामुळे अन्यायाची तक्रार नाही. पूर्वी कधी न भेटलेले दोन कर्णधारही अर्ध्या मिनिटात सामना ठरवू शकतात. फळ्यावरचे आकडे वाटसरूलाही कळतात. आणि खेळाडूला घरी सांगता येते की अमुक वाजेपर्यंत येतो. हा शेवटचा गुण हसण्यावारी नेऊ नये. घरात लहान मुले आहेत, पतिपत्नी दोघेही आठवडाभर नोकरी करतात, अशा घरातून रविवारचे सात तास मागणे म्हणजे पुष्कळ मागणे आहे. वेळेच्या सामन्याचे कौतुक करणारे लोक बहुधा मुले मोठी झालेले असतात, असे आमचे निरीक्षण आहे.

परंतु समान षटके म्हणजे समान वाटणी असे समजण्यात एक फसगत आहे. तिचा हिशेब मांडू. मोठ्या सामन्यांतील प्रघात असा की एका गोलंदाजाने एकूण षटकांच्या पंचमांशाहून अधिक षटके टाकू नयेत. चाळीस षटकांत आठ, वीस षटकांत चार. म्हणजे पाच गोलंदाज पुरतात, सामना केवढाही असो. फलंदाजीत पहिल्या पाच-सहा जणांनीच षटके संपवली, तर अकरांपैकी दोघे-तिघे असे उरतात की ज्यांनी चेंडूही टाकला नाही आणि बॅटही धरली नाही. आमचा तो शेवटच्या पंगतीचा पाहुणा तो हाच! षटकांची मर्यादा संघासंघांत न्याय करते, संघाच्या आत करत नाही. मैत्रीच्या सामन्यात यावर उपाय सोपा आहे. गोलंदाजाची मर्यादा खाली आणावी. चाळीस षटकांत प्रत्येकी पाच ठेवली तर निदान आठ गोलंदाज लागतातच. मग कर्णधाराला शाळकरी मुलाकडे वळावेच लागते, आणि मुलगा दोन गडी बाद करून सर्वांना चकितही करतो, कारण त्याला कमी लेखून फलंदाज बेताल फटके मारतात.

फलंदाजीसाठी जो उपाय बहुतेक ठिकाणी योजतात, तो म्हणजे ठरावीक धावा झाल्या की फलंदाजाने निवृत्त व्हावे. कोठे २५, कोठे ३०, कोठे ५०. बाकीचे सर्व बाद झाले तर त्याने पुन्हा यावे. याबाबत एक बारकावा पुष्कळांना ठाऊक नसतो. आजार किंवा दुखापत नसताना जो फलंदाज आपण होऊन निवृत्त होतो, त्याला नियमांप्रमाणे प्रतिपक्षाच्या कर्णधाराच्या संमतीवाचून परत येता येत नाही. संमती मिळाली नाही की तो बादच. म्हणून ही गोष्ट नाणेफेकीपूर्वी बोलून ठेवावी, नाही तर शेवटच्या षटकात तो परत येतो आणि वाद होतो. आकडा कोणता ठेवावा? पंचवीस हा आम्हांला फार कमी वाटतो. चांगल्या फलंदाजाचीही रविवार दुपार असतेच, आणि त्यानेही घर सोडलेले असते. त्याला पाच-सहा फटक्यांत हाकलले तर तोही पुढच्या वेळी दुसऱ्या क्लबाकडे जातो. चाळीस षटकांच्या सामन्यात पन्नास, पस्तिसांच्यात चाळीस, हे प्रमाण बरे. वीस षटकांच्या सामन्यात मात्र पंचवीस-तीसच योग्य, कारण तेथे एकूण चेंडूच १२०. एक गंमत अशी की मर्यादा तीस असली की फलंदाज २९ वर येऊन पोचल्यावर एक धाव न घेता षटकाराचीच वाट पाहतो, म्हणजे ३५ करून जाता येते. याला कोणी लबाडी म्हणेल. आम्ही हौस म्हणू.

वीस षटकांचे सामने ही अलीकडची टूम आहे असा पुष्कळांचा समज आहे. इंग्लंडात कौंटी संघांनी ते २००३ साली सुरू केले हे खरे. खेड्यांत मात्र कामावरून सुटल्यावर बुधवारी वा गुरुवारी संध्याकाळी असे सामने त्याच्या कितीतरी आधीपासून होत असत. ते शक्य होते याचे कारण तेथील आकाश. जूनच्या मध्यास दक्षिण इंग्लंडात सूर्य रात्री नऊ वाजून गेल्यावर मावळतो. सहाला सुरू केलेला सामना उजेडी संपतो. सप्टेंबरमध्ये तो साडेसातच्या सुमारास मावळतो, आणि मग वेळापत्रक सगळेच मागे ओढावे लागते. उजेड वाचवण्यासाठी काही ठिकाणी आठ चेंडूंचे षटक टाकतात. पंधरा षटके आठ-आठ चेंडूंची म्हणजे चेंडू तेवढेच १२०, पण बाजू बदलण्यात जाणारा वेळ वाचतो. रेडिओवरच्या समालोचनाने रुळवलेला आपला ‘षटक’ हा शब्द येथे बिचारा अडचणीत येतो. आठ चेंडूंचे षटक म्हणजे अष्टकच की! तसे पाहता इंग्लंडात १८८९ पर्यंत चार चेंडूंचे व नंतर १९०० पर्यंत पाच चेंडूंचे ओव्हर होते, आणि तेव्हा मराठी समालोचन असते तर शब्दकोशाची पंचाईत झाली असती.

संध्याकाळी वीस षटके ठीक. रविवारी दुपारीही तेवढीच खेळावीत, कारण दूरचित्रवाणीवर तशीच दिसतात, हे मात्र आम्हांला पटत नाही. दुसऱ्या गावाहून गाडी हाकत आलेल्या माणसाला तीन तासांत परत पाठवण्यात पाहुणचार कसला? तेवढ्यात चहाही धड होत नाही, आणि या सामन्यांत चहा ही दुय्यम बाब नव्हे. गावातील कोणी तरी सकाळपासून सँडविचे व केक करून ठेवलेले असतात. खेळाडूंनाच जर तीन तासांहून अधिक सवड नसेल, तर गोष्ट वेगळी. अकरा माणसे तीन तासांसाठी येतात हे सहा माणसे सात तासांसाठी येण्यापेक्षा केव्हाही बरे.

या दोहोंमधला एक मार्ग आहे आणि त्याची व्हावी तितकी चर्चा होत नाही. सामन्याची एकूण षटके ठरवायची, समजा ७६. पहिल्या संघाने जास्तीत जास्त चाळीस खेळावी, वाटल्यास आधी डाव घोषित करावा. उरलेली सर्व दुसऱ्याला. दहा गडी बाद केल्याशिवाय पहिला संघ जिंकत नाही, म्हणजे अनिर्णित निकाल जिवंत राहतो, लेगब्रेकवाल्यांची जागा राहते आणि अकराव्याचे बारा चेंडूही राहतात. पण सव्वापाचपर्यंत फलंदाजी करण्याचा मार्ग बंद होतो. ज्या गावांचा परस्परांशी जुना परिचय नाही, पण ज्यांना नुसत्या बॅटफेकीचा कंटाळा आला आहे, त्यांनी हा प्रकार करून पाहावा. मोजणीला जरा अवघड आहे, एवढाच दोष.

अगदी नवशिक्यांसाठी आणि मुलांसाठी जोड्यांची पद्धत चांगली. आठ जण असतील तर चार जोड्या, प्रत्येक जोडीला पाच षटके. बाद झाले तरी जायचे नाही, धावसंख्येतून पाच-सहा धावा वजा व्हायच्या. वजाबाकीने आकडा शून्याखाली जाऊ नये म्हणून डाव दोनशेपासून सुरू करतात. प्रत्येकाला फलंदाजी मिळतेच. मोठ्या माणसांना मात्र ही पद्धत फार दिवस रुचत नाही. बाद होऊनही उभे राहण्यात फलंदाजीची भीतीच जाते, आणि भीती गेली की मजाही जाते.

आपल्याकडे हा विचार कितपत लागू पडतो, हे श्रोत्यांच्या मनात आले असेलच. आपल्या खेड्यांतील क्रिकेट म्हणजे बहुतेक टेनिसच्या चेंडूचे, सहा किंवा आठ षटकांचे, आणि बाद पद्धतीच्या स्पर्धेचे. मुलाच्या उंचीचा चषक मांडवात ठेवलेला असतो आणि ध्वनिवर्धकावर समालोचन चालू असते. त्याला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत, पण ती पद्धत कोठून आली याचा हिशेब कोणी करत नाही. मैदान एक, संघ सोळा, दिवस दोन. सोळा संघांच्या बाद स्पर्धेला पंधरा सामने लागतात. दिवसाला सात-आठ सामने बसवायचे तर एकाला तासाभराहून अधिक देता येत नाही, आणि तासात दोन्ही मिळून बारा-तेरा षटकांहून अधिक होत नाहीत. इंग्लंडातील खेड्याला दोन संघांसाठी एक मैदान अख्खी दुपार मिळते, आपल्याला मिळत नाही. मुंबईत मात्र १९४८ साली सुरू झालेल्या कांगा लीगने दाखवून दिले की भर पावसाळ्यात, ओल्या व उघड्या खेळपट्टीवर, रविवारच्या एका दिवसात वेळेच्या हिशेबाने खेळूनही फलंदाज घडतात. ती स्पर्धा होती, मैत्रीचे सामने नव्हते, हा फरक सोडू नये. परंतु ढगांकडे पाहून डाव केव्हा घोषित करायचा, हा धडा तेथल्या कर्णधारांना मिळाला तो षटके मोजून मिळाला नसता.

शेवटी व्यवहाराच्या दोन गोष्टी. सामना ठरवताना दोन्ही चिटणिसांनी परस्परांना विचारावयाचा पहिला प्रश्न ‘किती षटके?’ हा नव्हे, तर ‘येणार कोण?’ हा. एक संघ बलवान आणि दुसरा दुबळा असेल तर नाणेफेक सरळ बाजूला ठेवावी. दुबळा संघ आधी खेळून ६२ धावांत गारद झाला तर सामना चारलाच संपतो. मग चहा होईपर्यंत वेळ काढायचा आणि नंतर वीस षटकांचा आणखी एक सामना लावायचा, अशी रीत इंग्लंडात आहे खरी, पण त्याला उसने अवसान लागते. त्यापेक्षा बलवान संघाने आधी खेळावे, फलंदाजीचा क्रम उलटा करावा, शेवटच्यांना पहिल्यांदा पाठवावे, आणि १६० च्या आसपास डाव सोडून द्यावा. आणि एखाद्या संघाचे नऊच गडी आले तर आपले दोन क्षेत्ररक्षक त्याला उसने द्यावेत. मात्र कोणते द्यायचे हे ज्याचे त्यानेच ठरवावे, कारण उसना दिलेला गडी स्वतःच्या कर्णधाराचा झेल घेतो असा अनुभव आहे.